मॅनहोलबाहेरचा माणूस आणि बाकीची टीम: बंदिस्त जागेत काम करणाऱ्या नव्या मुलांसाठी

वडोदऱ्यात शटडाऊनचे, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचे दिवस आले की नंदेसरी, रणोली, पादऱ्याकडच्या कारखान्यांत हेल्पर, फिटर आणि वेल्डर यांना एकदम मागणी येते. आयटीआय नुकतंच संपवलेली मुलं दांडिया बाजार, वाडी, प्रतापनगरमधून सकाळी कॉन्ट्रॅक्टरच्या गाडीत बसतात. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एखाद्याला सांगितलं जातं, "तू नवा आहेस ना? मग मॅनहोलपाशी बस. काही करायचं नाही, नुसतं बघायचं." हा लेख मुख्यतः त्या मुलासाठी आहे. हे 'नुसतं बघायचं' काम त्या टाकीवरच्या सर्वांत मोठ्या जबाबदारीचं असतं. ते सर्वांत नवख्याच्या गळ्यात घालायची रीत मला कधीच पटलेली नाही. पण रीत आहे तोवर काम तरी नीट माहीत असावं.

आधी जागा ओळखा

आत शिरून काम करता येईल एवढी मोठी, पण आत-बाहेर करायला अडचणीची आणि माणसाने कायम बसावं म्हणून न बांधलेली, अशी कुठलीही जागा बंदिस्त समजायची. रिअ‍ॅक्टर, स्टोरेज टाकी, कॉलम, बॉयलरचा ड्रम, रोड टँकर, ईटीपीचा संप (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधला खोल खड्डा) ही ठरलेली नावं झाली. नवे लोक फसतात ते उघड्या दिसणाऱ्या जागांवर. वरून मोकळा असलेला खोल खड्डा, व्हॉल्व्हचा चेंबर, कूलिंग टॉवरचं रिकामं बेसिन इथे डोक्यावर आकाश दिसतं म्हणून कुणी परमिट, म्हणजे आत जायची लेखी परवानगी, मागत नाही. हवेपेक्षा जड वायूला वरचं आकाश दिसत नाही, तो तळाशीच बसून राहतो.

जून 2019 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या फर्तीकुई गावाजवळ, एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये सात माणसं गुदमरून गेली. चार सफाई कामगार होते, तिघं हॉटेलचे कर्मचारी. आधी उतरलेला माणूस वर येईना, म्हणून त्याला काढायला बाकीचे एकामागून एक उतरले. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1986 मध्ये काढलेल्या पुस्तिकेत नोंद आहे की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते. पुढे जी कामांची वाटणी सांगतोय, ती या एका गोष्टीसाठी आहे: एक माणूस अडकला तर दुसऱ्याने काय करायचं, हे तो अडकायच्या आधीच ठरलेलं असावं.

गटार आणि सेप्टिक टँकबद्दल इथेच सांगून टाकतो. तिथे साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'दोन मिनिटांचं काम आहे, हजार रुपये देतो' म्हटलं तर सक्शन मशीनची गाडी बोलवा म्हणायचं आणि चालू लागायचं. खालच्या पायऱ्या कारखान्यातल्या कामासाठी आहेत.

टीममध्ये कोण कोण असतं

कंपनीगणिक नावं बदलतात, कामं तीच राहतात. टाकी ज्याच्या ताब्यात आहे तो प्रॉडक्शनचा माणूस परमिट देतो, त्याला इश्यूअर म्हणतात. ज्याची माणसं आत जाणार तो, म्हणजे मेंटेनन्सचा इंजिनिअर किंवा कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, परमिट घेतो, तो रिसीव्हर. हवा तपासायला नेमून दिलेला गॅस टेस्टर असतो. आत जाणारे एंट्रंट. मॅनहोलबाहेरचा होल वॉच, त्याला कुणी स्टँडबाय म्हणतात, कुणी वॉचर. शिवाय रेस्क्यू टीम, आणि आत वेल्डिंग-कटिंग असेल तर आगीवर नजर ठेवणारा फायर वॉच. सेफ्टी ऑफिसर या सगळ्यांवर नजर ठेवतो, पण यांच्यातल्या कुणाचंही काम तो स्वतःच्या अंगावर घेत नाही. 'सेफ्टीने सही केली म्हणजे झालं' असं कुणी म्हणालं, तर त्याला स्वतःचं काम माहीत नाही एवढं नक्की.

एका माणसाने दोन कामं धरायची नाहीत. होल वॉच म्हणजेच फायर वॉच, रिसीव्हर म्हणजेच गॅस टेस्टर, असल्या जोड्या माणसं कमी पडली की हमखास जुळवल्या जातात.

पायरी 1: आत जायलाच हवं का, आणि टाकी सर्वांपासून तोडली का

पहिला प्रश्न इश्यूअरने स्वतःला विचारायचा. बाहेरून जेटिंग करून, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारून, गाळ निघतो का? कॅमेरा सोडून पाहता येतं का? येत असेल तर इथेच विषय संपला.

जायचंच असेल तर टाकी तोडायची, म्हणजे तिच्याकडे येणारी प्रत्येक वाट बंद करायची. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाईन बंद झाली असं धरायचं नाही. व्हॉल्व्हची सीट पास होते, म्हणजे बंद असूनही आतून गळते, शिवाय कुणीतरी चुकून चाक फिरवतो. लाईनला ब्लाइंड, म्हणजे तोंड पूर्ण बंद करणारी पोलादी चकती मारायची, नाहीतर पाइपचा तुकडाच काढून उघड्या तोंडाला झाकण लावायचं. किती ब्लाइंड, कुठे, कुणी मारले, याची यादी परमिटला जोडतात. नायट्रोजनची बारीक लाईन, व्हेंटचा हेडर आणि ड्रेनचा सामाईक पाइप या तीन गोष्टी यादीतून निसटतात. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो आणि त्याने जीव घाबराही होत नाही. माणूस काही कळायच्या आत खाली बसतो.

रिअ‍ॅक्टरमध्ये स्टरर, म्हणजे माल ढवळणारा पंखा असतो. त्याचं इलेक्ट्रिकलचं आयसोलेशन म्हणजे ब्रेकर उघडून त्याला कुलूप आणि टॅग लावणं. फील्डमधलं पुश बटण दाबून ठेवणं हे आयसोलेशन होत नाही. रिसीव्हरने स्वतःचं कुलूपही त्यावर लावावं, चावी स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मग फील्डमधून स्टार्टचं बटण दाबून पाहावं. मोटर हलली नाही की पुढे जायचं. तुम्ही नवे असाल तर या पायरीत तुमच्याकडे काही काम नाही, पण "साहेब, ट्रायल घेतली का?" एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

पायरी 2: धुवा, हवा खेळवा

टाकी धुऊन, वाफवून झाली की ब्लोअर लावतात. हवेचा पाइप तळापर्यंत सोडा, नाहीतर वरची हवा वरच फिरते. ब्लोअरचं तोंड डिझेल जनरेटर किंवा उभ्या टँकरच्या धुराजवळ नको, कारण तो धूर तुम्ही नळी लावून आत भरत असता. हवा ताजी करायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीच सोडायचा नाही. कपडे ऑक्सिजनने भिजले की एका ठिणगीने भडकतात.

पायरी 3: गॅस टेस्ट

गॅस टेस्टर मीटर चालू करून आधी बाहेरच्या मोकळ्या हवेत पाहतो. ऑक्सिजन 20.9 दाखवायला हवा. रोज कामाआधी माहीत असलेला गॅस देऊन सेन्सर जागे आहेत ना ते बघायचं, याला बंप टेस्ट म्हणतात. नुसतं कॅलिब्रेशनचं स्टिकर पाहून भागत नाही.

वाचण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग पेटणारे वायू, मग विषारी. यामागे कारण आहे. पेटणारा वायू मोजणारा साधा सेन्सर तो वायू स्वतःमध्ये थोडा जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो एलईएल (वायू पेटायला हवेत लागणारं किमान प्रमाण) शून्य दाखवील आणि तुम्ही खूश व्हाल. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा न पाहता एलईएलवर विश्वास ठेवू नका.

ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मध्ये हवा. 16 च्या खाली डोकं चालेनासं होतं, पाय जड पडतात. 10 च्या खाली शुद्ध हरपते. 6 च्या खाली काही मिनिटांत सगळं संपतं. पेटणारे वायू एलईएलच्या 10 टक्क्यांच्या वर असतील तर आत जायचं नाही, आणि वेल्डिंगसाठी बहुतेक कंपन्या शून्यच मागतात. हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे एचटूएसचा अलार्म साधारण 10 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) लावलेला असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे खरं, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं समजणारा माणूस धोक्याच्या अगदी मधोमध उभा असतो.

मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरून मागे वळणारा गॅस टेस्टर दिसला तर त्याला थांबवा. मिथेन हलका असतो, वर साचतो. एचटूएस जड, तो तळाशी बसतो. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच असतो, कुठेही सापडतो. म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर वाचायचं. नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, दर मीटरमागे किती सेकंद थांबायचं ते मीटरच्या पुस्तिकेत असतं. टोक गाळात किंवा पाण्यात बुडलं की पंप पाणी ओढतो आणि दिवसभराचा मीटर गेला. ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून एकदा वाचन घ्या, म्हणजे टाकी स्वतः काय सोडते ते कळतं.

ईटीपीच्या संपातली आणखी एक गोष्ट. सकाळी आकडे स्वच्छ येतात. मग माणूस उतरतो, फावडं गाळात घालतो, आणि गाळात अडकलेला एचटूएस सुटतो. सकाळचा कागद त्या क्षणी निकामी झाला. आत जाणाऱ्याच्या छातीवर सतत चालणारा मीटर हवा तो यासाठी. जेवणाच्या सुट्टीनंतर, काम थांबून पुन्हा सुरू होताना आणि शिफ्ट बदलताना टेस्ट पुन्हा करायची, रीडिंग वेळेसकट परमिटवर लिहायचं.

पायरी 4: परमिट जागेवर

या कागदाचा पाया 1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 36 मध्ये होता (नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली). सक्षम माणसाने तपासून लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा घालावा, आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं, असं ते सांगत होतं. चांगल्या कंपन्या दोन्ही करतात. कलम 36-अ मध्ये हातातल्या दिव्याला 24 व्होल्टची मर्यादा होती. कुणी 230 व्होल्टचा हॅलोजन आत लोंबकळवत असेल तर काम तिथेच थांबवा. ज्वालाग्राही वायूची शक्यता असेल तर दिवाही फ्लेमप्रूफ हवा.

सही कंट्रोल रूममध्ये चहा पिताना होत नाही. इश्यूअर आणि रिसीव्हर दोघंही टाकीपाशी उभे राहून ब्लाइंड मोजतात, कुलूप बघतात, मग सही. त्यानंतर रिसीव्हरने टीमला जमवून पाच मिनिटं बोलायचं. आपल्याकडे परमिट इंग्रजीत, फोरमन गुजराती, वेल्डर बिहारचा, हेल्पर मराठी. कागद वाचून दाखवून उपयोग नाही. आत काय होतं, काय सुटू शकतं, अलार्म वाजला तर कुठून निघायचं, हे सर्वांना कळेल अशा हिंदीत सांगायचं आणि एकाला उलट विचारायचं, "तू सांग बघू, आता काय करशील?" उत्तर आलं नाही तर काम सुरू करू नका.

पायरी 5: होल वॉच

आता तुमचं काम. मॅनहोलपाशी बसण्याआधी चार गोष्टी हातात घ्या: आत जाणाऱ्यांची यादी आणि पेन, आतल्या माणसाशी बोलायचं साधन (वॉकी-टॉकी किंवा दोर), बाहेर हाक देण्याचं साधन (दुसरा वॉकी-टॉकी, एअर हॉर्न किंवा शिट्टी), आणि रेस्क्यूचा नंबर. वॉकी-टॉकी टाकीच्या आतून लागतो का ते आधीच तपासा, जाड पोलादात तो बऱ्याचदा मुका होतो. दोराचे इशारे टीमने सकाळीच ठरवायचे, उदाहरणार्थ एक झटका म्हणजे ठीक, चार झटके म्हणजे बाहेर काढा. ठरलेले इशारे परमिटच्या मागे लिहून टाका.

माणूस आत गेला की नाव आणि वेळ लिहायची, बाहेर आला की पुन्हा वेळ. रजिस्टर बघून कुणीही विचारलं, "आत किती?" तर उत्तर एका श्वासात आलं पाहिजे. दर काही मिनिटांनी आतल्याला नावाने हाक मारा. नुसतं 'हां' आलं तर समाधान मानू नका, एखादा साधा प्रश्न विचारा, "काका, किती बोल्ट राहिले?" ऑक्सिजन कमी झाला की माणूस आधी बावळटासारखं बोलतो, जीभ अडखळते, उगाच हसतो. हे तुम्हाला बाहेर ऐकू येतं, त्याला स्वतःला कळत नाही.

बाहेरचंही बघायचं. जवळ टँकर येऊन इंजिन चालू ठेवून उभा राहिला, शेजारच्या युनिटचा सायरन वाजला, वारा फिरून धूर इकडे यायला लागला, ब्लोअर बंद पडला, तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना झोंबलं: यातलं एकही झालं की आतल्यांना बाहेर काढायचं. विचारायला जायचं नाही, आधी बाहेर काढायचं.

इथे खरी अडचण येते ती वयाची. तुम्ही एकोणीस वर्षांचे, आत तीस वर्षं काम केलेले फिटर काका. ते म्हणतात, "अरे थांब रे, दोनच बोल्ट आहेत." शब्द सोपे ठेवा: "काका, बाहेर या. आता." आवाज चढवायला हरकत नाही. होल वॉचने बाहेर काढलेल्या माणसाला पुन्हा पाठवायचं की नाही हे रिसीव्हर आणि इश्यूअर ठरवतील, ती चर्चा टाकीबाहेर होईल. चांगला रिसीव्हर सकाळच्या बोलण्यातच सांगून टाकतो की या मुलाच्या शब्दावर सगळ्यांनी निघायचं. तुमच्या रिसीव्हरने सांगितलं नसेल तर त्याला सांगायला लावा.

आणि तुम्ही जागा सोडायची नाही. "जरा तो स्पॅनर आणून दे," "गेटवरून चहा आण," या विनंत्या येतातच. उत्तर एकच: बदली माणूस द्या. लघवीला जायचं असेल तरी बदली माणूस येऊन रजिस्टर हातात घेईपर्यंत थांबा. बदली मिळत नसेल तर आतले सगळे बाहेर येतील, मग तुम्ही जाल. मोबाइल खिशात. मॅनहोलमधून डोकं आत घालून बघायचं नाही, तिथलीच हवा तुमच्या नाकात जाते.

पायरी 6: आत जाणारा

त्याने स्वतः गॅसचे आकडे बघायचे, मीटर छातीवर लावायचा, फुल बॉडी हार्नेस घालायचा. आदल्या रात्रीचा ताप, औषधाची गुंगी, बंद जागेची भीती हे लाज न बाळगता सांगावं. मे महिन्यात इथे पारा 42 च्या पुढे जातो आणि उन्हातली पोलादी टाकी आतून त्याहून गरम असते, तेव्हा पाळ्या छोट्या करायच्या आणि पाणी बाहेर येऊनच प्यायचं. आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याने लक्षात ठेवावं की आर्गॉन जड आहे, वाकून काम करताना तो तोंडाभोवतीच साचतो. कटिंगचे सिलिंडर बाहेर, आणि सुट्टीला निघताना होजसकट टॉर्चही बाहेर. रात्रभर आत ठेवलेला, थोडा गळका टॉर्च सकाळी पहिल्या ठिणगीची वाट बघत असतो.

पायरी 7: कुणी पडलं तर

होल वॉच हॉर्न वाजवतो, नंबर लावतो, ट्रायपॉडची (मॅनहोलवरच्या तिपाईची) विंच, म्हणजे दोर गुंडाळायची चरखी फिरवून दोराने ओढायला लागतो. उतरत नाही. आतला तुमचा सख्खा भाऊ असला तरी नाही. याच क्षणासाठी ट्रायपॉड आधीपासून मॅनहोलवर उभा हवा आणि दोर हार्नेसला जोडलेला हवा, स्टोअरमध्ये पडलेला ट्रायपॉड मोजण्यात धरू नका.

आत जायचंच तर फक्त रेस्क्यू टीम, श्वसनयंत्र घालून. फिल्टरचा मास्क ऑक्सिजन बनवत नाही, तिथे तो कुचकामी. रेस्क्यूवाल्यांनी एक गोष्ट काम सुरू व्हायच्या आधी करून पाहावी: पाठीवर सिलिंडर घेऊन या मॅनहोलमधून माणूस जातो का? अनेक जुन्या टाक्यांत जात नाही. तिथे एअरलाईनचं, म्हणजे बाहेरून नळीने हवा देणारं यंत्र लागेल, ते आधी मागवा. फायर ब्रिगेड येईल या भरवशावर परमिट देऊ नका. श्वास बंद पडलेल्या माणसाकडे काही मिनिटंच असतात आणि शहरातून नंदेसरीला पोचायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

पायरी 8: बंद करताना

माणसं रजिस्टरवरून मोजा, अवजारं यादीवरून. मग रिसीव्हर सही करतो, इश्यूअर आत नजर टाकतो, ब्लाइंड काढले जातात, ज्याने कुलूप लावलं तोच ते उघडतो. काम उद्यावर गेलं तर परमिट आजच बंद करायचं आणि मॅनहोलवर जाळी किंवा पक्कं बॅरिकेड लावून 'आत जाऊ नये'चा बोर्ड गुजराती आणि हिंदीतही टांगायचा. विसरलेला पाना किंवा मोबाइल आणायला संध्याकाळी सहानंतर एकटा उतरणारा माणूस कुठल्याच रजिस्टरवर नसतो.